‘जंत भरलेली पिल्लं विकली’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय वाचला, फोटोही पाहिला. आमच्याकडून नेलेल्या डुकराच्या पिल्लांची वाढ खुंटली, खोकला लागला आणि नेल्यापासून अकराव्या आठवड्यात विष्ठेत वीतभर लांबीचे जंत पडले, हे वाचून वाईट वाटलं. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो.

पण ‘जंत भरलेली पिल्लं मुद्दाम गळ्यात मारली’ हे तुमचं वाक्य दोन रात्री डोक्यातून गेलेलं नाही. सात माद्यांचं आमचं परसातलं वराहपालन. घरचेच राबतो आणि त्यावरच घर चालतं. तुमचं ते एक वाक्य वाचून उद्या कोणी फोनही करणार नाही.

म्हणून वेळेचा हिशोब मांडतो. फोटोतला जंत हा डुकरांमधला मोठा गोल जंत आहे. त्याचं अंडं पोटात गेलं की अळी आतड्यातून यकृतात जाते, तिथून साधारण आठवड्याभरात फुप्फुसात. मग खोकल्याबरोबर घशात येते, गिळली जाते आणि पुन्हा आतड्यात येऊन वाढते. पूर्ण वाढून अंडी घालायला सहा ते आठ आठवडे लागतात. तुम्हीच लिहिलंय की खोकला पिल्लं नेल्यावर तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला. खोकल्याला इतर कारणंही असतात, मान्य. पण जंतांमुळेच असेल, तर ती अंडी पिल्लांनी तुमच्याकडे आल्यावर खाल्लेली असणार. आमच्याकडून निघून तेव्हा दोन आठवडे झाले होते.

तुमच्या त्या आवारात आधीही डुकरं होती, हे तुम्हीच बोलला होतात. एक मादी जंत दिवसाला लाखो अंडी घालते. अंड्याचं कवच जाड आणि चिकट असतं, मातीत ती वर्षानुवर्षं टिकतात. आवार रिकामं पडलं म्हणून माती स्वच्छ होत नाही.

आणि जंतांच्या औषधाची दुसरी मात्रा! पहिली आम्ही पिल्लं नेण्याच्या आठ दिवस आधी वजन करून दिली होती. अंगात फिरणाऱ्या अळ्यांवर एका मात्रेचा भरवसा नसतो, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा द्या, असं तोंडी सांगितलं आणि पावतीमागे लिहूनही दिलं. ‘विश्वासाने घेतली म्हणून औषध दिलं नाही,’ असं तुम्ही लिहिता. मग यात मुद्दाम फसवणूक कुठून आली?

आमच्याकडून एकही अंडं गेलं नसेल, असं छातीठोकपणे सांगणार नाही. मादीला व्यायच्या आधी औषध देतो, अंग आणि आचळं धुऊन मगच धुतलेल्या खणात घेतो. पण यंदा एका मादीच्या औषधाची तारीख वहीत लिहायची राहिली. ती चूक आमची.

‘मेंदूत जाणारा किडा’ म्हणालात, तो हा नव्हे. तो टेपवर्म, म्हणजे पट्टीसारखा चपटा जंत. त्याची अंडी डुकराला माणसाच्या विष्ठेतून लागतात आणि डुकराच्या मांसात गाठी होतात. डुकराच्या विष्ठेतून तो असा पडत नाही. आमची डुकरं बंद आवारातच असतात, मोकाट कधीच सोडलेली नाहीत. एवढं कृपा करून दुरुस्त करा, लोक घाबरतात. गोल जंतही हलक्यात घेऊ नका. आवारात काम केलं की हात साबणाने धुवा, लहान मुलांना तिथल्या मातीत खेळू देऊ नका.

यापुढे नोंदी नीट ठेवू, दुसऱ्या मात्रेची तारीख मोठ्या अक्षरांत देऊ, आणखीही सुधारणा करतो आहोत. पिल्लांची ताजी विष्ठा पशुवैद्यांकडे तपासून घ्या, खर्च आम्ही देऊ. ते सांगतील ते औषध वजनाप्रमाणे द्या आणि खालची ओली माती व कुजका पेंढा काढून टाका. अभिप्राय काढा म्हणत नाही. दुसरी मात्रा दिली नव्हती, एवढं तरी त्यात लिहा.