‘पेशंटला काही सांगू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला एका पेशंटचं उत्तर

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर ए.एल.एस. या हळूहळू स्नायूंची ताकद काढून घेणाऱ्या आजाराबद्दल एक मेसेज फिरतोय. जीभ आणि घसा यांच्यापासून सुरू होणारा जो प्रकार, ज्याला डॉक्टर ‘बल्बर’ म्हणतात, त्याबद्दल. मजकूर थोडक्यात असा: बोलणं अडखळलं की सहा महिने उरले. शेवटी माणूस तडफडून, गुदमरून जातो. म्हणून त्याला काही सांगू नका. पोटात नळी घालू देऊ नका, ती घातली की पुढे व्हेंटिलेटर ठरलेलाच. मॉर्फिन म्हणजे मारायचं इंजेक्शन. आणि आपल्या देशात उपचार नाकारायची सोयच नाही. खाली एका काढ्याची जाहिरात.

भाच्याने मला तो ‘मावशी, वाचू नको’ असं लिहून पाठवला. वाचला. मला हाच आजार आहे. बोलणं जवळजवळ गेलंय, पण अंगठा चालतो.

काढ्याचं आधी उरकते. या आजारातून बरं करणारं औषध आज नाही. रिलुझोल 1995 पासून वापरात आहे. तेही आयुष्य थोडं लांबवतं, काही महिने. काढ्याने कुणी बरा झाला असेल तर त्याचं निदान पुन्हा तपासून घ्या. शिवाय काढा पातळ असतो, आणि आम्हाला ठसका लागतो तो जास्त करून पातळाचा.

सहा महिन्यांचा आकडा कुठून आला कोण जाणे. बल्बर प्रकारात लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण दोन-तीन वर्षं धरतात. कुणाची कमी, कुणाची बरीच जास्त. आकडा आनंदाचा नाही, पण सहा महिने आणि तीन वर्षं यांत घराची किती कामं मार्गी लागतात ते बघा. उलट धीर द्यायला कुणी स्टीफन हॉकिंग काढतं. त्यांचं निदान 1963 साली झालं आणि ते 2018 साली गेले. पण असं क्वचित घडतं, ते माझ्या गळ्यात बांधू नका.

आता गुदमरण्याचं. घरातले लोक रात्री झोपत नाहीत ते या वाक्यामुळे, म्हणून इथे जरा थांबते. ठसके येतात, भयंकर येतात, डोळे पांढरे होतात. पण ठसका म्हणजे मरण नव्हे. पुढे वाकवून बसवलं, घाई केली नाही, पाणी पाजलं नाही, की बहुधा निवळतो. शेवट साधारण वेगळ्या वाटेने येतो. श्वासाचे स्नायू थकतात, झोपेत श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, सकाळी डोकं दुखतं, दिवसा गुंगी येते, आणि एकदा ती गुंगीच वाढत जाते. कधी छातीत संसर्ग होतो. 2001 साली जर्मनी आणि इंग्लंडमधल्या रुग्णांच्या शेवटच्या काळावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गुदमरून गेलेला एकही रुग्ण नव्हता आणि बहुतेकांचं मरण शांत होतं. रात्री बायपॅपचा, म्हणजे श्वासाला जोर देणाऱ्या मशीनचा, मास्क लावला की ही वाट आणखी सुसह्य होते. (आपल्याकडे त्याला इन्व्हर्टर हवाच. मे महिन्यात लाइट जाणार हे भुसावळच्या माणसाला सांगायला नको.)

‘पेशंटला सांगू नका’ हा मेसेजमधला सगळ्यात वाईट सल्ला. लोक समजतात, हिचं बोलणं गेलं म्हणजे डोकंही गेलं. गेल्या आखाजीच्या सुमारास आम्ही एका घरी दारावर, म्हणजे मयताच्या घरच्यांना भेटायला, गेलो होतो आणि मला हसू आवरेना. मेंदूतली हसण्या-रडण्याची लगाम सैल होते, मनात दुःख असतं आणि चेहरा हसतो. त्यावर गोळ्या आहेत, त्या मी घेते. काही रुग्णांच्या विचारांवर, वागण्यावर आजाराचा परिणाम होतो हे खरं. थोड्यांना स्मृतिभ्रंशासारखंही होतं. पण म्हणूनच लवकर विचारायचं असतं. आवाज गेल्यावर, हात गेल्यावर, मग सगळे गादीभोवती उभे राहून ‘हिला काय हवं असेल’ यावर वाद घालतात.

मला वेळेवर सांगितलं, म्हणून एक गोष्ट करता आली. बोलणं शाबूत असताना मी रोजची वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून ठेवली. फोन मराठी वाचून दाखवतो, पण आमच्या घरात अहिराणी चालते, ती त्याला येत नाही. आता मी बटण दाबते आणि ‘माले घर जानं शे’ माझ्याच आवाजात ऐकू येतं. दवाखान्यातून हे वाक्य फार वापरून झालंय.

नळीचा प्रश्न खान्देशी स्वयंपाकघरातून समजावते. शेवभाजी आमच्यासाठी सापळा आहे, कारण रस्सा पातळ आणि शेव वेगळी, दोन्ही घशात एकदम येतात. कळण्याची भाकरी कोरडी, तिचा भुगा होतो. भरीत मिक्सरमधून काढलं, कांदा-दाणे वगळले, तर जातं. रावेरकडचं केळं दह्यात कुस्करून जातं. पण एका जेवणाला तास लागायला लागला आणि वजन उतरू लागलं की नळीचं बोलायचं. दुर्बिणीतून पोटाला एक लहान छिद्र, त्यातून नळी. थोडी गुंगी देऊन होणारं काम. श्वासाची ताकद निम्म्याखाली उतरली की तेच धोक्याचं होतं, म्हणून घाबरून पुढे ढकलणं नडतं. नळी असूनही, गिळणं सुरक्षित असेल तोवर जिभेवर भरताची चव घेता येते. व्हेंटिलेटरशी तिचा संबंध नाही. गळ्याला छिद्र करून मशीन लावायचं की नाही, हा पूर्ण वेगळा निर्णय. नळीला हो आणि मशीनला नाही म्हणता येतं. मी तसंच म्हटलंय.

मॉर्फिन धाप लागल्याची घाबरगुंडी कमी करतं. थोड्या मात्रेने सुरू करून, बघत बघत वाढवतात. तसं दिलं तर ते मारत नाही. 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन रुग्णांसाठी ते मिळवणं सोपं झालं. तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणून पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांची गाठ आधीच घालून ठेवा.

आणि कायदा. शुद्धीवर असलेला सज्ञान माणूस नको म्हणाला, तर उपचार लादता येत नाही. बोलून नको म्हणा की टाइप करून. निर्णय घ्यायची क्षमता गेल्यावरसाठी आधी लिहून ठेवायची सोय सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी दिली. तेव्हाची प्रक्रिया इतकी किचकट होती की कुणी फिरकत नव्हतं. 24 जानेवारी 2023 ला ती सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. आपल्या वतीने कोण बोलेल त्याचं नाव त्यात घालायचं. वेळ आली की दवाखान्यातली डॉक्टरांची दोन मंडळं बघून ठरवतात. इंजेक्शन देऊन मरण आणणं मात्र आजही गुन्हा आहे, मेसेज दोन्हींची सरमिसळ करतो.

माझ्या कागदावर भाच्याचं नाव आहे. एक प्रत घरी कपाटात, एक फॅमिली डॉक्टरांकडे, एक नगरपालिकेत द्यायची आहे. पुतणी सोमवारी घेऊन जाणार आहे.