नानांचं मशीन

त्या आठवड्यात मी स्वेटरच्या आतल्या खिशात एक पाकीट घेऊन फिरत होतो. आत पाचशेच्या दोन नोटा. पंचवटीतल्या जुन्या घराच्या कागदांवर नानांच्या जागी माझं नाव लावायचं होतं आणि त्यासाठी एका कार्यालयात (कुठलं ते विचारू नका, तिथं अजून काम पडतं) चार महिने खेटे घालून झाले होते. शेवटी टेबलामागच्या गृहस्थांनी चहापाण्याचा उल्लेख केला आणि ‘मंगळवारी वडिलांना घेऊन या, सही लागेल’ म्हणाले. तो मंगळवार निघाला 13 डिसेंबर 2005.

आदल्याच रात्री टीव्हीवर बॉम्ब पडला होता. ‘कोब्रापोस्ट’ या बातम्यांच्या वेबसाइटच्या पत्रकारांनी लघुउद्योजकांची एक खोटी संघटना काढली, सात-आठ महिने दिल्लीत खासदारांच्या घरी चकरा मारल्या, आणि संसदेत प्रश्न विचारायचे म्हणून पैसे घेणारे अकरा खासदार छुप्या कॅमेऱ्यात पकडले. ‘आज तक’ ते दाखवत होतं. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचे.

अख्खी बिल्डिंग तळमजल्यावरच्या प्रेसवाल्या काकांकडे जमली. काका नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेले. पडद्यावर नोटा दिसल्या की ते टीव्हीला नाक लावायचे. “बंडल बघा, बंडल बघा.” मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, “आम्ही एकेक नोट डोळ्यांत तेल घालून तपासायची, गेटवर रिकामा डबासुद्धा उघडून दाखवायचा, आणि मोजायच्या यांनी!”

खरी पंचाईत जळगावकर काकांची झाली. अकरांत दोघं त्यांच्या बाजूचे, एक जळगावचे, एक एरंडोलचे. लग्नात चमचे कमी भरावेत आणि सगळ्यांनी वरपक्षाकडे बघावं, तसे सगळे त्यांच्याकडे बघत होते. काका मान खाली घालून बसलेले. तेवढ्यात आकडा आला. जळगाव, 35,000.

“पस्तीस?” काका ताडकन उठले. “काय भो! पस्तीस हजारात आमच्या सराफ्यात पाच तोळे येत नाही!”

एरंडोलचे 45,000 निघाले तेव्हा ते जरासे सावरले. सगळ्यांत कमी 15,000 होते, सगळ्यांत जास्त 1,10,000. पण तोवर खोलीतल्या संतापाचा विषयच बदलला होता. पैसे घेतले याचं कुणाला फारसं वाटलं नाही. एवढे कमी घेतले, हे मात्र सगळ्यांच्या जिव्हारी लागलं. “एवढ्यात तर जादा मजल्याची एक भिंतसुद्धा मंजूर होत नाही,” असं तिसऱ्या मजल्यावरचे बिल्डर बोलून गेले आणि नंतर रात्रभर एक अक्षर बोलले नाहीत.

प्रश्न तर त्याहून बहारीचे. कादंबरीतल्या एका पात्राचं नाव दिलेलं, जगात नसलेलं रेल्वे इंजिन सरकारनं जर्मनीहून मागवलंय का, असाही एक प्रश्न त्या पत्रकारांनी पुढे केला होता. ते ऐकून समोरच्या वहिनी म्हणाल्या, “नसलेल्या इंजिनाचं विचारतात, मग आपल्या गल्लीच्या गटाराला झाकण का नाही, हे का नाही विचारत?”

“फुकट विचारतोय ना आपण,” प्रेसवाले काका म्हणाले.

मग वर्गणीचा हिशेब सुरू झाला. सोळा फ्लॅट, 35,000. गणपतीपेक्षा थोडी जास्त पडते, पण झाकण कायमचं.

मी सगळ्याला मान डोलावत होतो. पाकीट आतून टोचत होतं. जिन्यात बायको हळूच म्हणाली, “उद्या जाताय ना तुम्ही?”

गेलो. नाना तेव्हा चौऱ्याऐंशीचे. नाशिकची डिसेंबरची थंडी, म्हणून माकडटोपी, मफलर, जुना कोट. आणि कानाचं मशीन. हल्लीसारखं कानात लपणारं नव्हे. काडेपेटीहून थोडं मोठं, कोटाच्या वरच्या खिशात अडकवलेलं, त्यातून निघालेली वायर मफलरखालून वर गेलेली. माइक खिशात असल्यामुळे कुणी बोलू लागलं की नाना कान पुढे करत नसत, छाती पुढे करत.

कार्यालयात प्रत्येक टेबलावर पेपर उघडा. मी पाकीट फाइलखालून सरकवलं. गृहस्थ हसले, हात पुढे केला, आणि त्यांची नजर वायरीवरून उतरत उतरत खिशावर येऊन थांबली.

“हे काय?” ते ओरडले. “आम्ही असलं काही घेत नाही!”

ओरडले नानांच्या खिशाकडे बघून.

“काय म्हणतात?” म्हणत नानांनी छाती आणखी पुढे केली.

“घेत नाही आजोबा! कधीच घेतलं नाही!”

पाकिटाला हात लावायला कुणी तयार होईना. लाचलुचपतवाले नोटांना अँथ्रासीनची पावडर लावतात. डोळ्यांना दिसत नाही, पण अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बोटं चमकतात, हे त्या खोलीत सगळ्यांना पाठ असावं. अखेर शिपायानं ते फुटपट्टीनं ढकलत माझ्यापर्यंत आणलं. चार महिने सापडत नसलेली फाइल हाताखालच्याच ड्रॉवरमधून निघाली. वीस मिनिटांत सह्या, शिक्के, पोच. मध्ये चहा आला. त्यांच्या पैशांनी. नानांच्या बशीत तर बिस्किटंही.

घरी येऊन मी ही हकीकत फक्त बायकोला सांगितली. संध्याकाळी जळगावकर काका दारात उभे. “भो, दोन दिवस नानांना न्यायचं होतं. बरं, नाना नको, नुसतं मशीन दिलं तरी चालेल.”

मशीन गेलं. काकांकडून पहिल्या मजल्यावर, तिथून वहिनींच्या भावाकडे सिडकोत. बिल्डर तेवढे मागायला आले नाहीत. उलट जिन्यात नाना दिसले की पाठ वळवून किल्ल्या शोधायचे. आठ-दहा दिवस नाना शांतपणे पेपर वाचत बसले. कुणी काही म्हटलं की नुसते हसायचे. मशीन परत आलं ते सेल उतरूनच. 23 डिसेंबरला अकराही जणांची खासदारकी गेली, तेव्हा मी नव्या सेलचं पाकीट फोडत नानांच्या कानाशी ओरडत होतो, “नाना, काढलं त्यांना!”

“किती?”

“अकरा!”

“अकरा हजार?” नानांनी चश्मा काढला. “मग काढायलाच पाहिजे.”