मन्याला ३६च का मिळाले

ताई, तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा राग आला, मग चहा घेऊन परत वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की माझ्या गोष्टीतल्या मन्याला सहामाहीला गणितात ३१ आणि वार्षिकला ३६, बास, एवढंच होतं, ना त्याच्यात कुठला गुण सापडतो ना बाई शाबासकी देतात, असलं वाचून मुलं आळशी होतील. आणि हल्ली आठवीपर्यंत कोणी नापासच होत नाही, तर गोष्ट जुनाट आहे.

दुसरं आधी घेते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवणं बंद केलं हे बरोबर, पण २०१९ ला दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीला मागे ठेवायचं की नाही ते राज्यांवर सोडलं. आणि कायदा काहीही म्हणो, वर्गात 'ढ' कोण हे पोरांना पहिल्या आठवड्यात कळतं. (ब्राह्मीपासून ढ चं रूप फारसं बदललंच नाही म्हणून असल्या पोराला ढ म्हणतात, असं आमचे मराठीचे सर सांगायचे. म्हणजे सगळ्यात टिकाऊ अक्षर ते, पण असो.)

आता गुण. तो सापडलाच पाहिजे, याच्याशीच माझं भांडण आहे. २००७ चा 'तारे जमीं पर' मीही रुमाल घेऊन पाहिलाय, पण शेवटी ईशान चित्रांची स्पर्धा जिंकतोच ना! ज्याला चित्रही येत नाही, गळा नाही, क्रिकेटमध्ये कायम फिल्डिंगच, त्याचं काय? मी त्यातलीच. सदाशिव पेठेतली शाळा, मार्कांवरून तुकड्या, मी शेवटच्या तुकडीत. सातवीत गणितात ३४, खाली लाल रेघ. प्रगतिपुस्तक बाबांपुढे ठेवलं तर त्यांचं पेन चालेना, त्यांनी पेपरच्या कडेला गिरगटून शाई उतरवली, सही केली आणि म्हणाले, दही संपलंय, घेऊन ये. बाकी एक शब्द नाही. मी भांडं घेऊन गेले, डेअरीवाल्याने दिलेले सुट्टे वाटेत तीनदा मोजले, तिन्ही वेळा वेगळे भरले. मन्या तिथून आलाय.

आणि आळशी कुठून हो? पोरगा अख्खं वर्ष वाड्याच्या जिन्यावर बसून एकोणीसचा पाढा घोकतो, दर वेळी एकोणीस सत्ते ला अडकतो, परत पहिल्यापासून. ३१ आणि ३६ च्या मधे ३५ ची रेघ आहे, ती ओलांडायला काय लागतं ते ओलांडलेल्यालाच माहीत. ९१ चे ९६ झाले असते तर तेवढ्याच पाच मार्कांना आपण चितळ्यांकडे पेढ्यांसाठी उभे राहिलो असतो की नाही, खरं सांगा.

एक मात्र तुमचं शंभर टक्के पटलं. बाई फारच खाष्ट झाल्यात, मन्याची कंपासपेटी खिडकीतून फेकतात तो प्रसंग मी नुसता हिशेब चुकता करायला लिहिला होता, साठ पोरांच्या वह्या तपासणारी बाई दुपारी चार वाजता कशी असते याचा विचारच केला नाही. तो प्रसंग परत लिहायला घेतलाय. मार्क मात्र ३६च राहतील, ३७ पण नाही करणार.