पायातल्या मुंग्या कुणाला दाखवायच्या?

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या ग्रुपवर जोरात वाद झाला. सातारा जिल्ह्यातलं गाव, घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे विषय डिसॅबिलिटी पेन्शनचा, म्हणजे नोकरीमुळे आजार किंवा इजा झाली तर मिळणाऱ्या जादा पेन्शनचा. एकाने लिहिलं की रिटायर होताना हल्ली जो तो शुगर-बीपी दाखवून डिसॅबिलिटी घेतो, २०२३ चे नवीन, कडक नियम आले ते बरंच झालं. दुसऱ्याने गाडी थेट आमच्या दादावर आणली, की हा रोज शेतात जातो, मोटरसायकल चालवतो, साधी पेन्शन चालू आहे, मग आता अपील कशाला करतोय. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, हवालदार म्हणून रिटायर झाला, सियाचीनला राहून आलाय, आणि तेव्हापासून त्याच्या दोन्ही पावलांत मुंग्या आहेत. रिटायर होताना तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या कागदावर शेरा पडला की हा त्रास ड्यूटीमुळे झालेला नाही आणि ड्यूटीने वाढलेलाही नाही. ग्रुपवर तो एक अक्षर बोलला नाही. रात्री मला फोन करून म्हणाला, "अगं, चप्पल पायातनं कधी निसटली ते कळत नाय मला, आता हे कुणाला दाखवू?"

मी टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला राहते आणि न्यूरॉलॉजीच्या क्लिनिकमध्ये नर्व्ह टेस्ट करते, म्हणजे पायाला इलेक्ट्रोड लावायचे, छोटे शॉक द्यायचे आणि नस सिग्नल किती वेगाने नेते ते मोजायचं. हे शहरच फौजी लोकांचं, त्यामुळे माझ्या टेबलावर येणाऱ्यांत माजी सैनिक भरपूर असतात, आणि खरं सांगते, दादाचं ते वाक्य मी इथे इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये किती वेळा ऐकलंय त्याला मोजदाद नाही. बूट घातलाय की नाही कळत नाही, ब्रेकवर पाय आहे का ते खाली बघावं लागतं, रात्री पांघरुणाचा स्पर्श सहन होत नाही. माणूस मात्र चालत आलेला असतो, धडधाकट दिसतो.

नसेच्या दुखण्याची हीच अडचण आहे. तुटलेलं हाड एक्सरेत दिसतं. नसेचं तसं नाही, आणि आमची टेस्टसुद्धा सगळं सांगत नाही, हे मला लोकांना ओरडून सांगावंसं वाटतं. ही टेस्ट जाड नसा मोजते. जळजळ, थंड-गरम, टोचणं हे ज्या बारीक नसांतून जातं त्या खराब असल्या तरी रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. आपल्याकडे ज्याला मणक्यात गॅप आलाय, नस दबलीय म्हणतात, त्यात नस मुळाशीच दबलेली असते, म्हणून पायाच्या संवेदनेची टेस्ट बऱ्याचदा चक्क नॉर्मल येते आणि माणसाचा पाय बधिर असतो. मग फाइल वाचणारा म्हणतो, रिपोर्ट नॉर्मल, याला काही नाही. डॉक्टरने पायावर दोरा टेकवून, ट्यूनिंग फोर्क लावून, टाचेवर चालायला सांगून जे बघितलेलं असतं ते त्या एका शब्दाखाली गाडलं जातं.

इथल्या वेटरन्स अफेअर्स, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्यात, ज्याला सगळे व्हीए म्हणतात, हे सगळं टक्क्यांत बसवतात. पायाची मोठी सायटिक नस घ्या, त्रास सौम्य असेल तर १० टक्के, मध्यम २०, मध्यमहून जास्त ४०, स्नायू स्पष्ट वाळलेले असतील तर ६०, पाय पूर्ण लुळा असेल तर ८०. आणि नुसतंच बधिरपण आणि वेदना असेल, ताकद गेली नसेल, तर जास्तीत जास्त मध्यम. २०२५ च्या दराने एकट्या माणसाला २० टक्क्यांचे महिन्याला साधारण ३४७ डॉलर, ४० टक्क्यांचे ७७४. म्हणजे एका शब्दावर निम्म्याहून जास्त पैसे लटकलेले, आणि तो शब्द ठरतो वीस-पंचवीस मिनिटांत तपासणाऱ्या एखाद्या डॉक्टरच्या टिकमार्कवर. त्यामुळे इथेही भांडण आहेच, लोक वर्षानुवर्षं अपील लढतात, व्हीएच्या अपील बोर्डासमोर सुनावणी मागितली की वाट बघणं आलं, आणि मदत करतो म्हणून वाटेल तेवढे पैसे उकळणाऱ्या कंपन्याही आहेत. अमेरिकेत सगळं छान आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये.

पण दोन गोष्टी मला इथे मनापासून पटल्या. एक म्हणजे शंकेचा फायदा. पुरावा दोन्ही बाजूंनी साधारण सारखा झाला तर निकाल सैनिकाच्या बाजूने द्यायचा, हे कायद्यात लिहिलेलं आहे. सैनिकाला शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, "असण्याची शक्यता नसण्याइतकीच" एवढं डॉक्टरने कारणासकट लिहिलं तरी चालतं. व्हिएतनामला गेलेल्या म्हाताऱ्यांना तर डायबिटीस झाला की तो एजंट ऑरेंज या झाडं मारायच्या विषारी औषधाच्या फवारणीमुळेच असं धरूनच चालतात, आणि त्या डायबिटीसने पायाच्या नसा गेल्या तर तेही त्यालाच जोडतात. यातही ओढाताण आहे, मार्च २०२५ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला की शंकेचा फायदा बरोबर दिला की नाही हे वरच्या वेटरन्स कोर्टाने नव्याने तोलायचं नाही, ढळढळीत चूक असेल तरच हात घालायचा. मला तो निकाल आवडला नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे आणि ती गावाकडे कुणाला माहीतच नाहीये. अपील बोर्डाचा निकाल सैनिकाच्या बाजूने लागला तर त्याच्याविरुद्ध व्हीएला वेटरन्स कोर्टात जाताच येत नाही. सैनिक जाऊ शकतो, त्याला १२० दिवस असतात. सरकार जाऊ शकत नाही.

आता आपल्याकडे बघा. कायदा आपलाही वाईट नाही, उलट काही बाबतीत इथल्यापेक्षा मायाळू आहे. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात आपल्या सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलं की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला होता असंच धरायचं, आणि आजार नोकरीमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी जवानाची नाही, सरकारची. राउंडिंग ऑफचा फायदा लागू झाला की २० टक्क्यांचे ५० धरतात, असं इथे कुणाला मिळत नाही. मग अडतं कुठे? जवान आधी फर्स्ट अपील करतो, सेकंड अपील करतो, मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे फौजेच्या खटल्यांच्या खास कोर्टात जातो, तिथे जिंकतो, आणि जिंकल्यावर सरकार त्याच्या मागे हायकोर्टात जातं. २०१५ मध्ये आपले पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी नेमलेल्या समितीने अशी अपिलं थांबवायला सांगितलं होतं, तरी ती चालूच राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये तर पेन्शनसाठी एका जवानाच्या विधवेला सुप्रीम कोर्टापर्यंत ओढल्याबद्दल कोर्टाने सरकारला ५० हजार भरायला लावले.

म्हणून ग्रुपवरच्या त्या भावांना माझं म्हणणं असं की खोटे क्लेम करणारे असतील, इथेही आहेत, त्यांना पकडा, चांगली तपासणी करा, नसेच्या केसला न्यूरॉलॉजिस्ट बसवा, त्याला माझी काहीच हरकत नाही. पण १८ हजार फुटांवर थंडीत उभ्या राहिलेल्या माणसाची पावलं बधिर झाली तर ती बर्फाने झाली का आणखी कशाने याचा हिशेब त्याच्याकडून मागू नका, आणि एकदा ट्रिब्युनलने दिलं की परत कोर्टात खेचू नका. त्याच्याकडे पुण्या-मुंबईला तारखा करायला पैसे नसतात. धडधाकट दिसतो म्हणता, तर त्याच्यासोबत एक दिवस रानात जा आणि बघा, वाफ्यात पाय टाकताना तो आधी खाली बघतो.

दादाने काल त्याच्या सगळ्या कागदांचे फोटो पाठवले, पन्नास-साठ असतील, मी रात्री जागून बघितले. त्यात एक जुनी, पाण्याने भिजून सुकलेली चिठ्ठी निघाली, सियाचीनवरून खाली उतरल्यावर तपासलं तेव्हाची, आणि तिच्यावर पेनाने लिहिलंय, दोन्ही पावलांत बधिरपणा, थंडीचा परिणाम. ही चिठ्ठी मेडिकल बोर्डासमोर ठेवलीच नव्हती, कारण ती महत्त्वाची आहे हे त्याला कुणी सांगितलंच नाही. मी लगेच फोन केला, तिकडे सकाळ होती, तो धारेला बसला होता. म्हटलं तीन झेरॉक्स काढ, एक वकिलाला दे, एक वहिनीकडे ठेव, आणि मूळ कागद कुणी कितीही मागितला तरी हातातून सोडू नको.