'स्पष्टवक्ता' यांच्या चमचाभर पावडरीबद्दल

'स्पष्टवक्ता', नमस्कार.

तळ्यात जाणारा घरगुती फॉस्फरस कमी करण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "चमचाभर पावडरीने तळी मरत नसतात. खरा फॉस्फरस शेतातून येतो, नाहीतर तळाच्या गाळात साठलेला असतो. घरबसल्या पर्यावरण वाचवणाऱ्यांनी आधी थोडा अभ्यास करावा."

मतभेदाला माझी ना नाही. पण 'घरबसल्या' आणि 'थोडा अभ्यास' कशासाठी? टोमणा मारल्याशिवाय मुद्दा मांडता येत नसेल, तर त्या मुद्द्यावर मांडणाऱ्याचाच फारसा भरवसा नसावा. माझ्या लेखात कुणाला नावं ठेवलेली मला तरी सापडली नाहीत. असो.

एक गोष्ट मान्य. हाताने भांडी घासायच्या साबणात फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचं संयुग, सहसा नसतं. मला म्हणायचं होतं ते भांडी धुण्याच्या मशीनच्या पावडरीबद्दल. लेखात दोन्ही एकाच ओळीत आले होते. ती ओळ बदलली आहे.

आता तो चमचा. तळ्यापर्यंत एका घराचा चमचा पोचत नाही, गटाराला जोडलेल्या सगळ्या घरांची बेरीज पोचते. आणि फॉस्फरस म्हणजे शेवाळाचं खत; शेवाळाला तो लागतो तरी किती? लिटरभर पाण्यात मिलिग्रॅमचे दोन-तीन शतांश फॉस्फरस असला तरी तळं हिरवं व्हायला पुरतं. कॅनडात ओंटारियोमध्ये 'लेक 226' नावाचं तळं आहे. 1973 मध्ये तळ्यांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात आडवा पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन सोडला, दुसऱ्यात हे दोन्ही आणि वर फॉस्फरस. फॉस्फरस पडलेला भाग हिरवागार झाला, दुसरा झाला नाही. वरून काढलेला त्याचा फोटो शोधून बघा, मग चमच्याबद्दल बोलू.

सांडपाण्यावर प्रक्रिया होतेच की, असं आता तुम्ही म्हणाल. सिॲटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये आजूबाजूच्या वस्त्यांचं प्रक्रिया केलेलंच सांडपाणी येत होतं. 1963 ते 1968 या काळात ते टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवलं, आणि सत्तरच्या दशकात पाणी निवळलं. तिथे दोष शेताचा नव्हता. साध्या जैविक प्रक्रियेतून बराचसा फॉस्फरस तसाच पुढे जातो. तो खाली बसवायचा तर तुरटी किंवा फेरिक क्लोराइड घालावं लागतं, आणि ते सगळीकडे घालतात असं नाही.

हे मी वाचून सांगत नाही. अशाच एका सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना हातात घेतला तर स्वच्छ दिसायचा, वास नाही, गढूळपणा नाही. त्यात अमोनियम मोलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्ल असलेलं मिश्रण घातलं की थोड्या वेळात नळीत निळा रंग चढतो. फॉस्फेट जितकं जास्त तितका गडद. आमच्या नळ्या कित्येकदा इतक्या गडद यायच्या की यंत्राला मोजता येत नसे, नमुना पातळ करून पुन्हा सगळं करावं लागे. घरबसल्या, म्हणे!

आणि चमचाभराने काहीच होत नसेल तर युरोपीय संघाने 2013 पासून कपड्यांच्या एका धुण्यामागे फॉस्फरसवर अर्ध्या ग्रॅमची मर्यादा कशाला घातली? 2017 पासून भांड्यांच्या मशीनला एका वेळेमागे 0.3 ग्रॅमची कशाला? त्यांचाही अभ्यास कच्चा असेल, दुसरं काय.

राहता राहिली शेती. तिचा वाटा मोठा असतो, पुष्कळ तळ्यांत सर्वांत मोठा, हे कुणी नाकारलंय? लेख घराबद्दल होता. गाळाचं म्हणाल, तर तळाशी ऑक्सिजन संपला की लोहाला धरून बसलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो, हे मलाही ठाऊक आहे. त्यात आत्ता शिरत नाही.

तुमची दुसरी प्रतिक्रिया मी मंजूर केलेली नाही. तीत फॉस्फरसबद्दल अवाक्षर नव्हतं, माझ्या वयाबद्दल मात्र होतं.