‘जनतेसाठीच घेतले ना?’ : एका पसरलेल्या दाव्याचा प्रतिवाद

गेले काही आठवडे अलिबाग-पेणच्या खारेपाटापासून, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यापासून, थेट सावंतवाडीपर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : लोकप्रतिनिधीने एखाद्या ब्लॉगवरचा मजकूर भाषणात किंवा पुस्तिकेत घेतला तर त्याला चोरी म्हणता येत नाही, कारण नेटवर टाकलेले सगळ्यांचे असते, कॉपीराइटची नोंदणी केलेली नसेल तर लेखकाला बोलण्याचा अधिकारच नाही, भाषणे आणि पुस्तिका नेते स्वतः लिहीत नाहीत, तेव्हा दोष त्यांचा नाही, आपल्या संतांनी कधी श्रेय मागितले नाही, आणि विषय मोठ्या व्यासपीठावर गेला, जनतेचे काम झाले, मग नावाचा हट्ट कशाला? हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत माझे काही स्नेही आहेत आणि त्यांना तो मनापासून पटलेला आहे. म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

या प्रकरणाशी माझा काय संबंध आहे, ते आधी सांगतो. मी खारेपाटातला आहे आणि खारबंदिस्तीवर, म्हणजे खाडीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधांवर, काही वर्षे ब्लॉग लिहितो आहे. एका पावसाळ्यात आमच्याकडचा बाहेरकाठा, म्हणजे खाडीच्या बाजूचा बाहेरचा बांध, फुटला आणि खाडीचे पाणी भाताच्या शेतात शिरले. त्यानंतरच्या एका ओहोटीच्या सकाळी गावातल्या एका वयोवृद्ध शेतकऱ्यांबरोबर, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, मी ती खांड, म्हणजे बांधाला पडलेले भगदाड, पाहायला गेलो. चिखलात पाय पोटरीपर्यंत रुतत होते आणि टेप कोणाकडेच नव्हती. काकांनी बांधाच्या शाबूत टोकाशी काठी रोवली आणि मी खांडीच्या आतल्या कडेने दुसऱ्या टोकापर्यंत पावले मोजत गेलो. ती ४२ भरली. परत येताना काकांनी उघाडीचे (बांधातल्या पाणी सोडण्याच्या दाराचे) झडप का सडले, पूर्वी जोळाची (बांधाची मिळून देखभाल करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाची) माणसे पावसाळ्यापूर्वी बांधाला माती कशी घालत, आणि ती पद्धत मोडल्यावर काय झाले, हे सगळे सांगितले. त्याच रात्री मी लेख लिहिला आणि शेवटी काकांचे नाव घातले.

त्या लेखात माझ्याकडून एक चूक झाली. खांड अमावास्येच्या उधाणाला गेली होती. मी पौर्णिमेच्या म्हणून लिहिले आणि पौर्णिमेची तारीखही दिली. मोठे उधाण दोन्ही तिथींच्या सुमारास येते, त्यामुळे लिहिताना मला ते खटकले नाही. तीन दिवसांनी काकांनी चूक दाखवली, मी तारीख बदलली आणि लेखाखाली दुरुस्तीची ओळ टाकली.

काही महिन्यांनी एका लोकप्रतिनिधीच्या कार्य अहवालाची रंगीत पुस्तिका घरोघर आली. तिच्यात माझ्या लेखातले चार परिच्छेद जसेच्या तसे होते. ‘मी मोजली तेव्हा खांड ४२ पावले भरली’ या वाक्यात ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ झाले होते. काकांचे नाव गळाले होते, माझेही नव्हते, आणि पौर्णिमेची ती चुकीची तारीख मात्र तशीच होती. म्हणजे मजकूर त्या पहिल्या तीन दिवसांतच उतरवून घेतलेला होता.

आता संदेशातल्या मुद्द्यांकडे वळतो. नेटवरचे सगळ्यांचे असते, या म्हणण्यात ‘वाचायला खुले’ आणि ‘स्वतःच्या नावाने छापायला मोकळे’ या दोन गोष्टींची गल्लत आहे. बांधावरून जायला वाट सगळ्यांना असते. त्या वाटेने जाणाऱ्याने आतले भात कापून न्यावे, असा तिचा अर्थ कोणी लावत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मूळ साहित्यकृतीला दिलेले संरक्षण ती कागदावर आहे की पडद्यावर, यावर ठरत नाही आणि ते लेखकाच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते.

त्याचबरोबर या मुद्द्यात जेवढे खरे आहे, तेवढे मान्य केले पाहिजे. बांध फुटला, ही माहिती माझ्या मालकीची नाही. उघाड्या दुरुस्त कराव्यात, या कल्पनेवरही माझा हक्क नाही. कल्पना, विषय आणि ऐतिहासिक तथ्ये यांवर कॉपीराइट नसतो, तो त्यांच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्येच स्पष्ट केले आहे. त्या लोकप्रतिनिधींनी माझा लेख वाचून, स्वतः बांधावर जाऊन, स्वतःच्या शब्दांत हाच प्रश्न मांडला असता, तर मी तक्रार केली नसती. उलट मला मनापासून आनंद झाला असता. विधिमंडळातल्या भाषणाची गोष्ट तर आणखी वेगळी आहे, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४ मुळे सभागृहात बोललेल्या शब्दांवरून आमदारावर न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. परंतु हे संरक्षण सभागृहातल्या मोकळ्या चर्चेसाठी दिलेले आहे. घरोघर वाटलेल्या खासगी पुस्तिकेला ते लागू होत नाही.

नोंदणीचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. कॉपीराइट कृती निर्माण होताच मिळतो; नोंदणी ऐच्छिक आहे. याबाबत मध्यंतरी एका निकालाने संभ्रम झाला होता, पण २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेच संजय सोया प्रकरणात तो दूर केला आणि हक्क बजावण्यासाठी नोंदणीची अट नाही, असे सांगितले. याहून महत्त्वाचे म्हणजे याच कायद्याचे कलम ५७. लेखकाने आपले सगळे आर्थिक हक्क विकून टाकले, तरीही ही कृती माझी आहे, असे म्हणण्याचा त्याचा अधिकार या कलमाने शिल्लक राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले भित्तिशिल्प सरकारने काढून कोठारात टाकले, तेव्हा ते याच कलमाच्या आधारे केंद्र सरकारविरुद्ध उभे राहिले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन ५ लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. सत्तेवर असलेल्यांना हे कलम लागू नाही, असे समजण्याचे काहीच कारण नाही.

नेते स्वतः लिहीत नाहीत, हे मला ठाऊक आहे आणि त्यात काही गैर आहे, असेही मी मानत नाही. भाषण लिहून देणारा माणूस ते देण्यासाठीच लिहितो, त्याची संमती असते आणि बहुधा मोबदलाही असतो. माझी संमती कोणी विचारली नव्हती. शिवाय पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर फोटो त्या लोकप्रतिनिधींचा आहे आणि आतल्या मनोगताखाली सहीही त्यांचीच आहे. चांगल्या मजकुराचे कौतुक सहीवाल्याने घ्यायचे आणि उसनवारी उघड झाली की कार्यालयातल्या मुलाकडे बोट दाखवायचे, हे आपण एरवी कोणत्याही व्यवहारात चालवून घेत नाही.

या बाबतीत अमेरिकेतला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. १९८७ मध्ये जो बायडेन राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रचार करत होते. ब्रिटनमधल्या मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांच्या भाषणातला एक भाग ते आपल्या सभांमध्ये वापरत आणि किनॉक यांचे नावही घेत. आयोवातल्या एका वादसभेत मात्र त्यांनी तो भाग नाव न घेता म्हटला. आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणी विद्यापीठात का जाऊ शकले नाही आणि आपले पूर्वज कोळशाच्या खाणीत कसे राबले, अशा आशयाचा तो भाग होता. नाव गळताच किनॉक यांच्या पूर्वजांचे कष्ट बायडेन यांच्या पूर्वजांचे झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, या आणि अशाच इतर आरोपांनंतर, त्यांना उमेदवारी मागे घ्यावी लागली. आमच्या पुस्तिकेतल्या ‘आम्ही मोजली’ या दोन शब्दांत मला हेच दिसते. त्या चिखलात पुस्तिकेतले ‘आम्ही’ उतरलेच नव्हते.

संतांचा दाखला ज्याने दिला, त्याने अभंगाची शेवटची ओळ आठवून पाहावी. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’ ही नाममुद्रा मराठी कवितेत शतकानुशतके चालत आली आहे, आणि ‘एका जनार्दनी’ म्हणताना नाथमहाराज स्वतःच्या नावाबरोबर गुरूंचेही नाव घेतात. कीर्तनकार ओवी म्हणण्यापूर्वी ‘माउली म्हणतात’ असे सांगतो. शक्ती-तुऱ्याच्या जाखडीत, म्हणजे कोकणातल्या सवाल-जवाबाच्या लोकनृत्यात, शाहीर आपल्या गुरूचे नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही. विशेष म्हणजे खुद्द तुकोबांच्या काळात सालोमालो नावाचा एक माणूस दुसऱ्याची वचने मोडून स्वतःच्या नावाने खपवत असे आणि तुकोबांनी त्याच्यावर अभंग रचून आपली नाराजी उघड मांडली आहे. ज्यांनी संसारावरही पाणी सोडले, त्यांनाही शब्दांची ही उचलेगिरी सहन झाली नाही. तेव्हा श्रेयाची चाड ही बाहेरून आलेली खोड आहे, असे म्हणण्यापूर्वी आपल्याच परंपरेकडे नीट पाहावे.

राहिला शेवटचा मुद्दा : जनतेचे काम झाले. माझ्या मते हाच सगळ्यात गंभीर मुद्दा आहे, कारण संदेश पाठवणाऱ्यांना खरोखर पटलेला मुद्दा हाच आहे. श्रेय ही लेखकाच्या मनाला बरे वाटावे म्हणून द्यायची वस्तू आहे, असे ते धरून चालतात. श्रेयाचा पहिला उपयोग वाचकाला होतो. मजकूर कोठून आला हे लिहिलेले असले, की वाचक तेथपर्यंत मागे जाऊ शकतो, सांगितले ते खरे आहे का हे पाहू शकतो आणि मूळ ठिकाणी दुरुस्ती झाली असेल तर तीही त्याला सापडते. नाव पुसले की ही वाट बंद होते.

आमच्याकडे तसेच झाले. पुस्तिका घरोघर गेली होती, ती लोकप्रतिनिधींची होती, म्हणून तिच्यातली तारीख पक्की मानून दोन शेतकऱ्यांनी नुकसानभरपाईच्या अर्जात तीच लिहिली. तलाठ्यांच्या पंचनाम्यातली तारीख अमावास्येची होती. जवळजवळ पंधरा दिवसांचा हा फरक निस्तरण्यासाठी ऐन कापणीच्या दिवसांत त्यांना तालुक्याला चकरा माराव्या लागल्या. मूळ चूक माझी होती आणि ती मी नाकारत नाही. पण माझी दुरुस्ती ब्लॉगवर कधीची झालेली होती. पुस्तिकेत माझ्या लेखाचा साधा उल्लेख असता, तर अर्ज लिहिणाऱ्या मुलाला मोबाइलवर ती मिनिटभरात दिसली असती. ज्या जनतेच्या कामाचा दाखला दिला जातो, तिचेच काम येथे अडले.

हेच मोठ्या प्रमाणावर घडले, तेव्हा किती अनर्थ होऊ शकतो, हे फेब्रुवारी २००३ मध्ये जगाने पाहिले. ब्रिटिश सरकारने इराकविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ५ फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत त्याची वाखाणणी केली. गुप्तहेरांच्या ताज्या माहितीवर आधारलेला म्हणून मांडलेल्या त्या दस्तऐवजाचा मोठा भाग इब्राहिम अल-मराशी या तरुण संशोधकाच्या, काही महिन्यांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या लेखातून उचललेला होता. केंब्रिजचे अभ्यासक ग्लेन रंगवाला यांनी तो लेख वाचलेला असल्यामुळे हे उघडकीस आले, आणि मूळ लेखातल्या लेखनाच्या चुकाही नकलेत तशाच उतरलेल्या सापडल्या. काही ठिकाणी मात्र मुद्दाम शब्द बदलले होते : मूळ लेखातले ‘विरोधी गटांना मदत’ हे शब्द ‘दहशतवादी संघटनांना पाठिंबा’ असे झाले होते. लेखकाचे नाव असते, तर कोणीही मूळ लेख शेजारी ठेवून हा बदल पाहू शकला असता. श्रेय द्यायला हवे होते, हे नंतर पंतप्रधानांच्या कार्यालयालाही मान्य करावे लागले, पण तोपर्यंत त्या दस्तऐवजाचा आधार युद्धाच्या समर्थनासाठी घेऊन झाला होता.

श्रेय दिले तर नेता लोकांच्या नजरेत लहान होतो, असेही त्या संदेशात सूचित केले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले महामहोपाध्याय पां. वा. काणे १९५३ ते १९५९ या काळात राज्यसभेचे सदस्य होते आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. धर्मशास्त्राच्या इतिहासावरच्या त्यांच्या बृहद्ग्रंथात पानोपानी तळटीपा आहेत. काही पानांवर तर मजकुरापेक्षा टीपांनीच अधिक जागा व्यापली आहे. कोणते वचन कोठले, हे ते दर वेळी सांगतात. त्यामुळे त्यांचा अधिकार कमी झाल्याचे मी कोणाकडून ऐकलेले नाही.

मी त्या लोकप्रतिनिधींच्या कार्यालयाला पत्र लिहिले आहे. पैसे मागितलेले नाहीत, जाहीर माफीही मागितलेली नाही. पुस्तिकेची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा खांडीची तारीख अमावास्येची करावी, ‘आम्ही मोजली’ हे शब्द काढावेत, त्या चार परिच्छेदांखाली लेखाचा उल्लेख करावा आणि त्याआधी काकांचे नाव छापावे, कारण उघाडी आणि जोळाबद्दलचे त्यातले प्रत्येक वाक्य मूळचे त्यांचे आहे, एवढीच माझी मागणी आहे. उत्तर अजून आलेले नाही. आले की ते आणि पुस्तिकेची नवी प्रत, दोन्ही मी काकांना नेऊन दाखवणार आहे.