वाद पुरवठादाराचा, प्रश्न भरपाईच्या मर्यादेचा

डिसेंबर २०२५मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा शांती कायदा मंजूर केला आणि अणुअपघाताची भरपाई कोणी द्यायची हे ठरवणारा २०१०चा अणुदायित्व कायदा मोडीत निघाला. सदोष यंत्रसामग्रीमुळे अपघात झाल्यास दिलेली भरपाई पुरवठादाराकडून वसूल करण्याचा चालकाचा, म्हणजे प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीचा हक्क, म्हणजे कलम १७(ब), त्याबरोबर गेला. मायदेशातला वाद या एका कलमाभोवती फिरतो आहे. जपानमधून पाहताना मला भरपाईच्या मर्यादेची काळजी जास्त वाटते.

जपानच्या १९६१च्या कायद्यातही पुरवठादार मोकळाच आहे. पण चालकाच्या दायित्वाला इथे कमाल मर्यादा नाही. २०११च्या फुकुशिमा अणुअपघाताच्या वेळी प्रकल्पामागे विम्याची तरतूद होती १२ हजार कोटी येनची. तो चालवणाऱ्या तेप्को कंपनीने दिलेली भरपाई १० लाख कोटी येनच्या पुढे गेली. एवढा पैसा कंपनीकडे नव्हताच. सरकारने २०११मध्ये वेगळी संस्था काढून तो पुरवला.

आपल्याकडे सर्वांत मोठ्या अणुभट्टीच्या चालकाची जबाबदारी ३,००० कोटी रुपयांवर थांबते. अणुअपघातांसाठीच्या आंतरराष्ट्रीय पूरक भरपाई करारात ३० कोटी एसडीआरचा (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण साडेतीन-चार हजार कोटी रुपयांचा आकडा आहे, पण ती किमान रक्कम आहे. जपानही याच कराराचा सदस्य आहे. करार जबाबदारी चालकावरच ठेवतो, तेव्हा १७(ब) काढायला कराराचं कारण पटण्यासारखं आहे. मर्यादा इतकी खाली ठेवायला ते अजिबात लागू पडत नाही.

जागतिक करार सुधारतील म्हणून थांबण्यातही अर्थ नाही. १९९७चा हा करार लागू झाला १५ एप्रिल २०१५ला, कारण किमान पाच देश आणि त्यांच्या अणुभट्ट्यांची मिळून ४ लाख मेगावॅट औष्णिक क्षमता जमावी लागत होती. अणुदायित्वाच्या पॅरिस करारात (हवामानाच्या नव्हे) २००४मध्ये ठरलेली दुरुस्ती लागू व्हायला २०२२ उजाडलं. दोन्ही वेळा जवळपास अठरा वर्षं, आणि तोवर महागाईने ठरलेल्या रकमेची किंमत खाल्लेली. चीन तर अशा एकाही करारात नाही.

पैसा असूनही तो माणसापर्यंत पोचतोच असं नाही. सप्टेंबर २०११मध्ये फुकुशिमाच्या विस्थापितांच्या हाती दाव्याचा ६० पानी अर्ज पडला, सोबत १५६ पानांची माहितीपुस्तिका. घरदार सोडून निघालेल्यांनी पावत्या कुठून आणायच्या? दावा करायची तीन वर्षांची मुदतही अपुरी पडली. ती दहा वर्षं करायला २०१३मध्ये खास कायदा करावा लागला.

शांती कायद्याच्या नियमांत म्हणूनच तीन गोष्टी हव्यात. स्थलांतर होताच पावत्यांशिवाय मिळणारी आगाऊ रक्कम, मराठीसह स्थानिक भाषेतला दोन पानी अर्ज आणि दर पाच वर्षांनी मर्यादेचा सक्तीचा फेरआढावा. यातल्या एकाही गोष्टीसाठी दुसऱ्या देशाची सही लागत नाही.